मी कुणाला उडवलं तर नाही ना?

गतिरोधकावरून गाडीचं मागचं चाक उतरलं की 'धप्प' असा आवाज होतो. गाडी चालवणाऱ्यांच्या तो इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यांना ऐकूही येत नाही. मला मात्र दोन वर्षं रस्त्यावर त्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पुढचं चाक चढलं, उतरलं, मागचं चढलं, उतरलं, आणि त्याच क्षणी मनात यायचं : हा गतिरोधकच होता ना? की माणूस होता?

मग आरशात बघायचं. आरशात रस्ता मोकळा. पण मोकळा दिसला म्हणून काय झालं, धडक बसलेला माणूस कडेला फेकला गेला असेल. मग पुढच्या वळणावरून गाडी मागे. तोच रस्ता उलट दिशेने, सावकाश, दोन्ही कडा निरखत. कुणी नाही. छाती हलकी व्हायची, हात थरथरायचे थांबायचे. परत घराकडे निघालो की तोच गतिरोधक, तोच धप्प, आणि आता नवी शंका : मघाशी शोधण्याच्या नादात माझं समोर लक्ष नव्हतं, तेव्हाच कुणाला लागलं असेल तर?

एका संध्याकाळी त्या एकाच गतिरोधकाभोवती मी सात फेऱ्या मारल्या. वीस मिनिटांच्या रस्त्याला पावणेदोन तास लागले. घरी 'ट्रॅफिक होतं' असं सांगितलं.

माझ्या हातून आयुष्यात कधीही अपघात झालेला नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. ते माहीत असूनही मी वळत होतो, म्हणून मला वाटायचं की मी वेडा होत चाललोय. त्या दोन वर्षांत विचारांनी छळलं त्याहून जास्त या भीतीने छळलं, आणि तिच्यामुळेच मी डॉक्टरांकडे जायचं टाळत राहिलो. डॉक्टर ऐकतील, कागदावर काहीतरी लिहितील आणि मला बांधून कुठेतरी पाठवतील, असं खरोखर वाटायचं.

हळूहळू त्या फेऱ्यांभोवती आणखी बरंच काही जमा झालं. रात्री सगळे झोपले की मी मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली जायचो आणि बंपरवरून बोट फिरवायचो, डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. एखादा ओरखडा जुना की आजचा हे ठरवता यावं म्हणून त्याचे फोटो काढून ठेवायचो. सकाळी पेपरमधल्या अपघाताच्या बातम्या आधी वाचायचो, जागा आणि वेळ माझ्या वेळेशी ताडून बघायचो. मुलीला शाळेत सोडणं बंद केलं, कारण तिच्यासमोर गाडी मागे वळवावी लागली तर काय सांगणार? आणि रोज रात्री बायकोला विचारायचो, 'काही झालं नसेल ना गं?' ती म्हणायची, 'नाही रे, काही नाही झालं.' पंधरा मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा विचारायचो. सोळाव्या मिनिटाला तिच्या आवाजात किंचित वेगळा सूर लागला तरी मला तो पुरावा वाटायचा.

आईच्या लक्षात आलं होतं. ती म्हणाली, 'हा कसला मंत्रचळ लावून घेतलायस? मनाचा निश्चय कर, म्हणजे जाईल.' मी निश्चय रोज करत होतो. निश्चय करून निघायचो आणि वळणावर तो मोडायचा.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो ते भलत्याच वाटेने. एका दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना अचानक छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या, श्वास पुरेना, आता आपण मरतो अशी खात्री. सहकाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. तिथल्या डॉक्टरांनी 'टेन्शन आहे' म्हणून बोळवण केली नाही, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. त्यांनी समोर बसून विचारलं, 'गाडी लावताना मनात काय चाललं होतं?' मी अर्धवट सांगितलं. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

पहिली भेट जवळजवळ तासभर चालली. झोप, भूक, काम, दारू, घरात कुणाला मानसिक आजार होता का, थायरॉइड तपासला आहे का. आता मागे बघताना कळतं की ते एकेक दार उघडून बघत होते आणि नसेल ते बंद करत होते. दोन आठवडे किंवा जास्त काळ दिवसातला बहुतेक वेळ उदास वाटतंय का, कशातच रस उरला नाही असं होतंय का, हा नैराश्याचा शोध. सहा महिने किंवा अधिक काळ पैसा, तब्येत, काम, मुलं अशा पन्नास गोष्टींची काळजी आवरता येत नाही का, हा चिंताविकाराचा. पार्किंगमध्ये आला तसा झटका पुन्हापुन्हा, काही कारण नसताना येतो का आणि पुढचा कधी येईल या धास्तीत दिवस जातो का, हा पॅनिकचा. एखाद्या ठरावीक वस्तूची किंवा जागेची भीती असेल तर तो भयगंड. बाहेरून बघणाऱ्याला या सगळ्यांत एक घाबरलेला माणूसच दिसतो. आत काय चाललंय ते विचारल्याशिवाय वेगळं करता येत नाही.

मरण्याचे विचार येतात का, हेही त्यांनी थेट विचारलं. मी दचकलो. म्हणालो, 'मरावंसं वाटत नाही, पण सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटतं.' त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं आणि त्यावर आणखी चार प्रश्न विचारले. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार भरतो अशी माझी समजूत होती. ती चुकीची आहे. मला तर कुणीतरी पाठीवरचं ओझं क्षणभर हातात घ्यावं तसं वाटलं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. 'तुम्ही कुणाला तरी उडवलंत अशी तुमची खात्री आहे, की शंका आहे?'

'शंका आहे.'

'आणि ती शंका पटण्यासारखी वाटते का?'

'नाही. पण जात नाही.'

'हे महत्त्वाचं आहे,' ते म्हणाले. ज्याला भ्रम होतो त्याला बहुतेक वेळा शंका नसते, खात्री असते. शेजारी माझ्यावर पाळत ठेवून आहेत असं तो पुराव्याविना ठामपणे म्हणतो आणि समजवायला गेलं तर समजावणाऱ्यावर संशय घेतो. माझ्या बाबतीत माझं मनच मला सांगत होतं की हे खरं नाही, तरीही ते सुटत नव्हतं. आजाराचं नाव ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. नको असलेले विचार पुन्हापुन्हा घुसणं हा एक भाग, आणि त्या विचारांची भीती घालवण्यासाठी एखादी कृती पुन्हापुन्हा करावी लागणं हा दुसरा. हात धुणं, कुलूप तपासणं सगळ्यांना माहीत असतं. रस्त्यावर मागे वळणं हा त्याचाच एक प्रकार. 'तुमच्या आईंनी वापरलेला शब्द चुकीचा नाही,' ते म्हणाले. 'मराठीत याला मंत्रचळच म्हणतात. फक्त तो निश्चयाने जात नाही.'

मी विचारलं, म्हणजे मी ॲबनॉर्मल आहे का? मराठीत मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'अपसामान्य' असा शब्द असतो, तो मी कॉलेजात पाठ केला होता, आणि तो आता माझ्यावर येऊन बसतोय असं वाटत होतं.

त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. वागणं चारचौघांपेक्षा वेगळं असणं एवढं पुरत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ पर्यंत समलैंगिकतेला विकारांच्या यादीत ठेवलं होतं. मग ते यादीतून काढावं लागलं. म्हणून वेगळेपणाबरोबर आणखी बघावं लागतं : त्या माणसाला त्याचा त्रास होतोय का, त्याचं काम, घर, नाती अडतायत का, त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे का. आणि याला एक ठाम रेघ नसते. मात्र ओसीडीच्या बाबतीत वापरात असलेली एक खूण अशी की हे विचार आणि कृती दिवसातला तासाहून अधिक वेळ खातात का, किंवा त्यांनी माणूस बेजार झालाय का. मी मनातल्या मनात हिशोब केला. फेऱ्या, बंपर, पेपर, बायकोला विचारणं. तीन तास होत होते.

विचारांबद्दल त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला आधी खोटी वाटली. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा या दोघांनी १९७८ साली कसलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं की तुमच्या मनात नकोसे, भयंकर विचार अचानक येतात का. सुमारे ८० टक्के लोकांनी हो सांगितलं. कुणाला तरी गाडीखाली ढकलावं, पोटच्या मुलाला इजा करावी, भर सभेत अभद्र बोलावं, असले विचार. विचारांचा मजकूर रुग्णांच्या आणि इतरांच्या बाबतीत बराचसा सारखाच निघाला. फरक होता तो किती वेळा येतात, किती टिकतात, किती घाबरवतात आणि झटकता येतात का, यात. म्हणजे माझ्या शेजारच्या गाडीतल्या माणसालाही धप्प ऐकून क्षणभर तसं वाटत असेल, आणि पुढच्या क्षणी तो गिअर बदलत असेल.

त्यानंतर त्यांनी एक प्रश्नावली दिली. ओसीडी किती तीव्र आहे ते मोजणारी येल-ब्राउन मोजपट्टी, दहा प्रश्न, ० ते ४० गुण. विचारांत किती वेळ जातो, कृती थांबवायचा प्रयत्न केला तर किती अस्वस्थता येते, कितपत ताबा आहे, असे. मला सत्तावीस मिळाले, म्हणजे तीव्र. आकडा ऐकून वाईट वाटायला हवं होतं. पण मी तो कागद हातात धरून रडलो, कारण प्रश्न छापील होते. माझ्या आधी कुणाला तरी हे झालं होतं, इतक्या जणांना झालं होतं की कुणीतरी बसून त्याचे प्रश्न छापले होते.

औषधांबद्दल थोडक्यातच सांगतो. एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी गोळी सुरू झाली. पहिले दोन आठवडे मळमळ आणि झोपेचा विचका. नैराश्यापेक्षा ओसीडीत ही औषधं उशिरा लागू पडतात, आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात, आणि डोसही बरेचदा जास्त लागतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं नसतं तर मी तिसऱ्या आठवड्यात सोडून दिली असती. मनाने अचानक बंद करायची नाही हेही त्यांनी बजावलं. दहाव्या आठवड्यात विचार तितकेच येत होते, पण त्यांची धार कमी झाली होती.

खरं काम झालं ते चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे. तिथेच मला कळलं की माझा आजार शंकेवर जगत नव्हता. तो जगत होता सुटकेवर. शंका येते, भीती चढते, मी मागे वळतो, कुणी दिसत नाही, भीती उतरते. त्या उतरण्यातून मेंदू शिकतो की मागे वळलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी जोरात ओरडतो. बंपरवरचं बोट, पेपरमधली बातमी, बायकोचं 'काही नाही झालं', सगळ्यांचं काम एकच होतं. ज्या गोष्टींनी मला दोन वर्षं तगवलं असं मी समजत होतो त्या प्रत्येक गोष्टीने आजाराला जेवू घातलं होतं. हे ऐकताना मला राग आला होता, हेही सांगायला हवं. आधारच काढून घेतायत असं वाटलं.

माझी ही शंका दुसऱ्याला इजा होईल याचीच का, हेही मी विचारलं. त्यांनी फ्रेंच डॉक्टर एस्किरोल यांनी १८३८ साली लिहून ठेवलेल्या एका स्त्रीबद्दल सांगितलं. हिशोब करताना आपल्याकडून चूक होऊन गिऱ्हाइकाचं नुकसान होईल, पैशाला हात लावला तर बोटांना काही मौल्यवान चिकटून येईल, या भीतीने ती हैराण होती. ती कधी कुणाचं काही घेत नव्हती. हा आजार माणसाला जे सर्वांत पवित्र वाटतं तिथेच बोट ठेवतो, असं मॅडम म्हणाल्या. ज्या आईला बाळ जिवापाड प्रिय आहे तिला बाळाला इजा करण्याचे विचार येतात आणि ती घरातल्या सुऱ्या लपवते. माझे बाबा रात्री चारदा उठून गॅसचा खटका बघायचे. आम्ही त्याला काळजी म्हणायचो. जवळच्या नात्यात हा आजार असला तर आपल्यालाही होण्याची शक्यता वाढते, पण कारण एकच एक नसतं.

उपचाराची पद्धत अशी की भीतीला सामोरं जायचं आणि सुटकेची कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर हे करून दाखवलं आणि तिथून ही पद्धत रुळली. आम्ही भीतीची उतरंड तयार केली, शून्य ते शंभर. रिकाम्या रस्त्यावर दुपारी गतिरोधक ओलांडणं तीस. संध्याकाळी पन्नास. पावसात रात्री सत्तर. शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोरून जाणं, पंचाण्णव. आरशाचा नियम आम्ही नीट ठरवला : मागून येणारं वाहन बघायला आरसा वापरायचाच, तो सुरक्षिततेसाठी असतो, गतिरोधक उतरल्यावर पडलेला माणूस शोधायला वापरायचा नाही. आणि चुकून मागे वळलोच, तर तो रस्ता लगेच पुन्हा एकदा न वळता पार करायचा.

पहिल्यांदा मॅडम शेजारच्या सीटवर होत्या. धप्प झालं. माझी मान आपोआप वर गेली, मी ती ओढून खाली आणली. 'आता किती?' 'ऐंशी.' 'चालवत राहा.' मी त्यांना विचारलं, 'तुम्हाला दिसलं ना, कुणी नव्हतं?' त्या म्हणाल्या, 'याचं उत्तर मी देणार नाही.' मला वाटलं मी गाडीतून उडी मारेन. स्टिअरिंगला घामाने हात चिकटले होते. दहा मिनिटांनी पंच्याहत्तर. वीस मिनिटांनी सत्तरच. मला वाटलं हे उतरणारच नाही. पस्तिसाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं तेव्हा मी जरा थांबून म्हणालो, 'पंचेचाळीस असेल.' मी मागे वळलो नव्हतो, कुणी मला काही सांगितलं नव्हतं, आणि तरी ते उतरलं होतं. दोन वर्षांत हे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी दर वेळी त्याआधीच वळत होतो.

घरचा अभ्यास म्हणून मी माझ्याच आवाजात एक चार मिनिटांची गोष्ट रेकॉर्ड केली. 'मी आज कुणाला तरी उडवलं असेल. मला ते कधीच कळणार नाही. कदाचित पोलीस येतील, कदाचित येणार नाहीत.' रोज अर्धा तास ती ऐकायची. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत बंद केली आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. तिसऱ्या आठवड्यात ऐकता ऐकता डुलकी लागली.

चौथ्या भेटीला बायकोलाही बोलावलं. तिला जेव्हा कळलं की तिचं उत्तर देणं आजाराला पोसत होतं, तेव्हा तिचा चेहरा पडला. मॅडमनी लगेच सांगितलं की प्रेम करणारं प्रत्येक घर हेच करतं, यात दोष नाही. तिने म्हणायचं वाक्य ठरलं : 'याचं उत्तर मी देणार नाही, पण मी इथे आहे.' पहिल्या रात्री मी अकरा वेळा विचारलं. तिने अकराही वेळा तेच वाक्य म्हटलं, शेवटी शेवटी तिचे डोळे भरून आले होते. मी तिच्यावर ओरडलो. माझ्या उपचारांतला सर्वांत अवघड भाग मी केला असं लोकांना वाटतं. तो तिने केला.

पाचव्या महिन्यात घसरलो. ताप येऊन गेला होता, तीन रात्री झोप नव्हती, आणि एका रात्री पुन्हा त्याच रस्त्यावर चाळीस मिनिटं फिरलो. घरी येऊन बंपरही तपासला. सगळं पाण्यात गेलं असं वाटलं. मॅडमनी फक्त विचारलं, 'दुसऱ्या दिवशी काय केलंत?' दुसऱ्या दिवशी मी त्याच रस्त्याने न वळता गेलो होतो. त्यांनी वहीत ते लिहिलं आणि पुढच्या पायरीकडे वळल्या.

आठव्या महिन्यात मोजपट्टीवर अकरा आले. सौम्य. गोळी अजून चालू आहे, डॉक्टर म्हणतात किमान वर्षभर ठेवू. विचार येणं थांबलेलं नाही. परवा आईशी बोलताना ती म्हणाली, 'तुझ्या बाबांनाही कुणाकडे तरी न्यायला हवं होतं रे.' बराच वेळ आम्ही दोघंही गप्प होतो.

उतरंडीवरची पंचाण्णवची पायरी गेल्या गुरुवारी केली. शाळा सुटायची वेळ, फाटकासमोर गर्दी. मी ताशी पंधराच्या वेगाने, समोर बघत गेलो. मुलगी मागच्या सीटवर दप्तर उघडून काहीतरी शोधत होती. फाटक मागे पडलं, पुढे गतिरोधक. पुढचं चाक उतरलं, मग मागचं. धप्प. तेच वाक्य मनात आलं, शब्दसुद्धा तेच. मुलगी म्हणाली, 'बाबा, माझी पेन्सिल सीटखाली गेली.' 'घरी गेल्यावर काढू,' मी म्हणालो, आणि गिअर बदलला.